दाबलेली शिंक

आत्या शिंकली की समोरच्या इमारतीतलं कुत्रं भुंकतं आणि आम्ही आपापलं काम करत राहतो. आतोबांना शिंक आली की मात्र सगळं घर हातातलं टाकून बघत बसतं.

आधी त्यांचा उजवा पंजा वर होतो, रिक्षा थांबवावी तसा. नाकपुड्या फुलतात. दाढी करताना ताणतात तसा वरचा ओठ खाली ओढला जातो आणि भुवया केसांच्या जुन्या हद्दीपर्यंत चढतात. खिशातून चौपदरी घडीचा रुमाल निघतो. तो शिंकण्यासाठी नव्हे, नाकावरची चिमूट घसरू नये म्हणून. मग आतल्या आत ‘म्क्’ असं काहीतरी होतं, खांदे एकदा उडतात आणि मान कासवासारखी कॉलरमध्ये जाते. डोळे पुसून आतोबा म्हणतात, “हां, काय म्हणत होतास?” काय म्हणत होतो ते एव्हाना मीही विसरलेला असतो.

“छत्तीस वर्षं बँकेत काढली, एका गिऱ्हाइकासमोर शिंकलो नाही,” हे ते ज्या सुरात सांगतात, त्या सुरात लोक पदकं सांगतात. 2020 साली सगळं जग कोपरात शिंकायला शिकलं, तेव्हा आतोबांना वाटलं आता आपले दिवस आले. पण कोपर त्यांना पटलं नाही. “कोपरात शिंकायचं आणि तेच कोपर टेबलावर टेकायचं? त्यापेक्षा बाहेर सोडूच नये ना!”

या संयमाचं मूळ गावच्या वाड्यात आहे. त्यांचे आजोबा तालुक्याला तारखेसाठी निघाले होते, पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि पाच-सहा वर्षांचे आतोबा मागून शिंकले. आजोबा परत फिरले. पायावर पाणी घेतलं, खाली टेकले, तोंडात साखर टाकली. तोवर एसटी गेली. तारीख हुकली. बांधाचा दावा पुढे कित्येक वर्षं रखडला, आणि घरात दर वेळी तो निघाला की सगळ्यांची नजर आतोबांच्या नाकावर जायची.

तसं आपल्याकडचं शिंकेचं शास्त्र भलतंच गुंतागुंतीचं. निघताना एक शिंक वाईट, दोन आल्या तर चांगल्या. बोलता बोलता कुणी शिंकलं तर “सत्य आहे!” म्हणजे तीच शिंक उंबऱ्यावर गुन्हेगार आणि बैठकीत साक्षीदार. आतोबांनी या घोळात न पडता सरसकट बंदीच घातली.

त्यांची खरी कसोटी डिसेंबरात, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात. वर्षभर ट्रंकेत पडलेली शाल त्या दिवशी बाहेर निघते आणि तिच्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वासही. खाली मैदानातली धूळ. स्टेजवर विलंबित ख्याल चाललेला, समेला अजून अवकाश, आणि आतोबांचा पंजा वर! आमची अख्खी रांग गाणं सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. गवईबुवा समेवर आले तेव्हा पुढच्या हजारभर माना डोलल्या, आमच्या रांगेतली एकही नाही. ‘म्क्’ झालं. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, मागून कुणीतरी विचारलं, “यांना बाहेर न्यायचं का?” साधी शिंक दोन सेकंदांत संपली असती.

आत्याने या प्रकरणी चरकसंहितेचा आधार घेतला आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे 13 वेग कधी अडवू नयेत म्हणून सांगितलेत, त्यात भूक, तहान, जांभई, अश्रू, झोप यांच्या पंगतीत शिंकही बसलेली आहे. ती अडवली तर मान आखडते, डोकं दुखतं, अर्धशिशी होते, तोंड वाकडं होतं, इंद्रियं दुबळी होतात. आतोबांना मानेचा पट्टा आहे. डॉक्टर म्हणतात मणक्यांची झीज, आत्या म्हणते चरक.

“त्याच अध्यायात पुढे कुठले वेग दाबावेत तेही दिलंय,” ती मला ऐकवते. “लोभ, भय, क्रोध, गर्व. ते नाही दाबायचे यांना!”

तिची स्वतःची पद्धत वाग्भटाची. शिंक नाकात अडली की ती गॅलरीत जाऊन सूर्याकडे तोंड करते आणि मोकळी होते. काही घराण्यांत उजेडाने शिंक येणं पिढीजात असतं. आमच्यात ते आहे, आतोबांच्यात नाही, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांनीही ते याला माहेरचं वळण समजतात.

मी त्यांना आधुनिक पुरावाही देऊन पाहिला. स्कॉटलंडमधल्या डंडीचा एक तिशीतला गृहस्थ. गाडी चालवताना शिंक आली, त्याने नाक चिमटीत धरलं, तोंड मिटून घेतलं. मान सुजली, हलेना. स्कॅन केला तर श्वासनळीला भोक, 2 मिलिमीटर बाय 2 बाय 5. शस्त्रक्रिया टळली, पण बरा व्हायला पाच आठवडे लागले. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलवाल्यांनी केस रिपोर्ट म्हणून छापलंय. नाकतोंड दोन्ही बंद असलं तर आतला दाब 20 पटींपर्यंत चढू शकतो, हेही त्यात आहे.

आतोबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. “त्याने दोन्ही बंद केलं,” ते म्हणाले, “मी तोंडाची फट ठेवतो.”

“त्या फटीतून काय येतं ते मला विचारा,” आत्या आतून म्हणाली.

फट किती उपयोगी आहे कोण जाणे, त्यांच्या डाव्या कानाला बाराही महिने दडा बसलेला असतो. नाकाखाली बोट दाबून येऊ घातलेली शिंक परतवणं वेगळं, तेवढं सगळेच करतात. निघालेल्या गाडीसमोर आडवं होण्यात काय शहाणपण?

गेल्या मार्गशीर्षात माझ्या आतेबहिणीच्या लग्नाच्या याद्या करायला मुलाकडचे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील मांडी घालून म्हणाले, “आम्हाला काही म्हणजे काहीच नको. मुलगी आणि नारळ.”

आणि आतोबांचा पंजा वर झाला.

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आत्या पुढे सरकली. मुलाच्या आजीने तर “सत्य आहे” म्हणायला तोंडही उघडून ठेवलं होतं. अशी वेळेवर आलेली शिंक लग्नाच्या बैठकीत शोधून मिळायची नाही. रुमाल निघाला. खांदे उडाले. ‘म्क्’.

“हां,” आतोबा डोळे पुसत म्हणाले, “काय म्हणत होता आपण?”

आजींनी तोंड मिटलं. मुलाचे वडील वाक्य पुन्हा म्हणाले नाहीत. मंडळी उठली, नमस्कार झाले, चपला पायात गेल्या. मुलाच्या काकांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मघाशी दाबलेली ती, व्याजासकट, सुटली. समोरच्या इमारतीतलं कुत्रं पहिल्यांदाच आतोबांवर भुंकलं.

“शिंकले!” आजी म्हणाल्या. “बसा, बसा. टेका जरा.”

चपला निघाल्या. आत्याने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. घड्याळाकडे बघत सगळे गप्प बसले होते. मग मुलाचे काका साखर चघळत म्हणाले, “आता बसलोच आहोत तर एक सांगून टाकतो. हॉल तेवढा एसी बघा. आणि आमच्याकडची माणसं जरा जास्त आहेत.”

आत्याने आतोबांकडे पाहिलं. आतोबा रुमालाची चौपदरी घडी करत होते.