झेरॉक्स ठेवून जा

वाळूजला माणूस कामाला लागायच्या आधी त्याची झेरॉक्स कामाला लागते. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, आणि तेव्हापासून जालना, बीड, परभणी, नांदेडची, मागाहून बिहार-उत्तर प्रदेशाची पोरं या पट्ट्यात उतरताहेत. उतरलं की आधार कार्डाची एक प्रत रूममालकाला, एक लेबर कॉन्ट्रॅक्टरला, एक गेटवरच्या सिक्युरिटीला, एक सिमकार्डवाल्याला. कुठला दाखला लागला की एक ग्रामपंचायतीला. शेजारच्या खोलीत कोण राहतं हे इथल्या बजाजनगरात दोन-दोन वर्षं कळत नाही. पण शेजाऱ्याची जन्मतारीख हवी असेल तर कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर चौकशी करावी. कधीकधी मिळते, जरा तेलकट असते इतकंच.

एवढी माहिती गोळा होते म्हटल्यावर ती सांभाळायची व्यवस्थाही असणारच. आहे, मी स्वतः पाहिली आहे. आमच्याच पट्ट्यातली एक ग्रामपंचायत. नाव सांगत नाही. गोपनीयतेला कुठून तरी सुरुवात व्हायला हवी. कार्यालयात शिरलं की डाव्या हाताला लोखंडी कपाट आहे आणि त्याला भक्कम कुलूप आहे. आत सत्काराच्या शाली, नारळ आणि क्रिकेट स्पर्धेची ट्रॉफी. अर्जांचे गठ्ठे कपाटाच्या वर, टेबलाखाली आणि खिडकीत. पंखा लावला की कागद उडतात म्हणून त्यांच्यावर फरशीचा तुकडा ठेवलेला असतो. डेटा सुरक्षेवर या कार्यालयाने केलेली ही एकमेव गुंतवणूक, आणि तीही रस्त्याच्या कामातून उरलेली.

परवा एक पोरगा दाखल्यासाठी आला होता. शिकलेला, कंपनीत सीएनसी मशीन चालवणारा. त्याने पुढे केलेली प्रत पाहून टेबलापलीकडचे गृहस्थ चमकले.

“दादा, हे काय आणलं? आकडे कुठं गेले?”

“मास्क्ड आधार आहे सर. शेवटचे चारच दिसतात. आधारवाल्यांनीच सोय केलीय.”

“कोरोना जाऊन किती वर्षं झाली? मास्क काढा अन् पुरं आणा.”

पोराची सेकंड शिफ्ट होती, त्याने वाद घातला नाही. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथे काचेवर व्हॉट्सअ‍ॅप नंबर रंगवलेला आहे. त्यावर आधार पाठवायचं, प्रिंट घ्यायची, पैसे द्यायचे. संगणकाचं तोंड गिऱ्हाइकांकडे. ‘आधार पुढचं’, ‘आधार मागचं’, ‘आधार मागचं नवीन’, ‘पासबुक काकू’, ‘जातीचा दाखला फायनल २’ अशा फायलींनी पडदा भरलेला. मालक काही पुसत नाही, पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून. बाहेर एक मावशी लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीसाठी ताटकळत होत्या. आतून हाक आली, “मावशी, ओटीपी आला का?” मावशींनी सहा आकडे खणखणीत आवाजात सांगितले. दुकानदाराला शेवटचे दोन ऐकू गेले नाहीत, ते शेजारच्या भाजीवाल्याने सांगितले.

या पोराला हा मास्कचा नाद कुठून लागला, त्याचीही एक गोष्ट आहे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने जनतेला बजावलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देत बसू नका, गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच तर मास्क्ड द्या. २९ मे रोजी केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं, कारण लोकांचा गैरसमज होऊ शकतो. म्हणजे देशाला दोन दिवस धोका होता, तिसऱ्या दिवशी टळला. पत्रक गेलं, सोय राहिली, आणि ती या पोराने फुकट वापरून पाहिली.

पण टेबलापलीकडच्यांवर सगळं ढकलणं बरोबर नाही. ग्रामसेवकांचं २०२४ मध्ये नामांतर होऊन ते ग्रामपंचायत अधिकारी झाले. कामं मात्र जुनीच राहिली, आणि कित्येकांकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभारही. त्यामुळे त्यांच्या डिजिटल सहीचं डोंगल बऱ्याच ठिकाणी संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये मुक्कामाला असतं. परिचालक म्हणजे तो, जो २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पात आला, २०१६ मध्ये त्याच खुर्चीवर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झाला, आणि थकलेल्या मानधनासाठी अधूनमधून आझाद मैदानात बसतो. गावातला जन्म, मृत्यू, विवाह, घरपट्टी, सगळं त्याच्या बोटाखाली. एवढी तिजोरी ज्याच्या हाती दिली त्याचा पगार वेळेवर करावा, असं कुठल्याच सरकारला सुचलेलं नाही.

लॉगिन सैल सुटलं की काय होतं ते यवतमाळ जिल्ह्याने दाखवलं. आर्णी तालुक्यातली शेंदुरसनी, लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. डिसेंबर २०२५ मध्ये उघडकीस आलं की या ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्या आहेत. गावात एकाही घरातून जादा पाळण्याचा आवाज आला नव्हता. तपास सुरू झाला, धागेदोरे राज्याबाहेर गेले. आपल्याकडे एक बाळ जन्मलं तर नावातली वेलांटी दुरुस्त करायला बापाला तीन खेपा घालाव्या लागतात. तिथे २७ हजार बाळं एकदाही कार्यालयात न येता जन्माला आली. सुलभ प्रशासन शक्य आहे, फक्त आपण ते योग्य लॉगिनवरून मागत नाही.

हे सगळं आडून झालं. उघड्यावर काय चालतं? मार्च आला की चौकात फ्लेक्स लागतो: थकबाकीदारांची नावं आणि रकमा. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लाभार्थ्यांची यादी येते, नावापुढे आधार, त्यापुढे खाते क्रमांक, मोबाइल, आणि खाली कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून ‘शुभ सकाळ’ म्हटलेलं. घरकुल कुणाला मिळालं हे गावाला कळलंच पाहिजे. ग्रामसभा असते कशासाठी? नाव लावा, रक्कम लावा, दुमजली घरवाल्याचं नाव आलं असेल तर दोनदा लावा. पण त्याच्या खात्याचा नंबर वाचून गावाने काय करायचं, पैसे भरायचे? आधार कायद्याच्या २९व्या कलमात क्रमांक जाहीर करायला सरळ मनाई आहे. पण गल्लीतल्यांनी दिल्लीकडे बोट दाखवलं तर बोलायची सोय नाही. २०१७ मध्ये बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने हिशेब मांडला होता, की पेन्शन, रोजगार हमी अशा चार सरकारी संकेतस्थळांवरून १३ कोटींच्या घरात आधार क्रमांक उघडे पडले असावेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकाल अजून आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर आलेला नाही.

मग कायदा आला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ऑगस्ट २०२३. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड. ऐकून बरं वाटलं. एखाद्या ग्रामपंचायतीला झालाच, तर घरपट्टीतून फेडायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब मी करत बसलो होतो; पुढे वाचलं तर दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत. माहिती माझी फुटणार, पैसे सरकारकडून सरकारला जाणार, आणि ते शेवटी माझ्याच घरपट्टीचे.

खरी गंमत तारखांची आहे. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. आमच्या डिजिटल माहितीचं रक्षण करणाऱ्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७. पण याच कायद्यातलं एक कलम माहिती अधिकारात बदल करतं, आणि त्याला एका दिवसाचाही धीर नव्हता. ते ताबडतोब लागू झालं. आधी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार द्यायचा तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावं लागे. जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येत नसे. आता ‘वैयक्तिक’ एवढा शिक्का पुरतो. व्यापक जनहिताचं ८(२) कलम शिल्लक आहे म्हणतात. आहे, पण जनहित व्यापक की अरुंद हे प्रथम तेच टेबल ठरवणार, ज्याच्याकडे फरशीचा तुकडा आहे. तर कपाटाला कुलूप लागलं ते असं. शाली सुरक्षित झाल्या.

मी म्हटलं, बघू या तरी. आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक दुसऱ्या पावसात उचकटले होते. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला: कामाचं बिल, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराचं नाव द्यावं. कायद्याने अर्जदाराकडून संपर्कापुरतीच माहिती घ्यायची असते, म्हणून नाव, पत्ता, मोबाइल एवढंच लिहिलं. उत्तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी आलं: मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.

फोन मात्र अर्ज दिला त्याच दुपारी आला होता.

“नमस्कार भाऊ. अर्ज टाकला म्हणे तुम्ही आमच्या कामाचा?”

“आपण कोण?”

“ते राहू द्या. संध्याकाळी घरी आहात ना? चहाला येतो. पत्ता विचारायची गरज नाही, अर्जाचा फोटो आलाय माझ्याकडे.”