डळमळीत खुर्चीच्या महापौरांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका महानगराच्या अशा विद्यमान महापौरांसाठी आहे, ज्यांची निवडणूक तोंडावर आली आहे, ज्यांचे निम्मे सहकारी वकिलाच्या कचेरीत बसून आहेत आणि उरलेले निम्मे प्रतिस्पर्ध्याच्या. नवख्या उमेदवारांनी ती वाचू नये. त्यांचं आश्वासनांवर भागतं. इथं विषय आहे तो आश्वासनं देऊन झाल्यानंतरच्या काळाचा.

उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली घेतली आहेत. न्यूयॉर्क-शिकागोसारख्या शहरांत महापौर हाच खरा कारभारी असतो. पोलीसप्रमुख तोच नेमतो, कचरा आणि बर्फ उचलायची जबाबदारी त्याच्याच गळ्यात असते. न्यूयॉर्कच्या महापौराच्या हाताखाली तीन लाखांच्या आसपास कर्मचारी आणि शंभर अब्ज डॉलरच्या पलीकडचं बजेट. लोक त्याला थेट मतं देऊन बसवतात आणि थेट मतं देऊनच उठवतात. त्यामुळे अडचणीत कसं यावं, याचा अभ्यासही तिथंच उत्तम होतो.

पायरी १ : आभाळावर नजर ठेवा

महापौराला घोटाळे पचतात, बर्फ पचत नाही. शिकागोचे मायकेल बिलँडिक हे डिसेंबर १९७६ मध्ये रिचर्ड डेली वारल्यावर गादीवर आले. डेलींनी २१ वर्षं चालवलेलं पक्षयंत्र त्यांना आयतं मिळालं. अशा माणसाला पाडणार कोण? पाडलं आभाळानं. १३ आणि १४ जानेवारी १९७९ या दोन दिवसांत शहरावर दीड फुटाहून जास्त बर्फ पडला, आणि तोही आधीच्या न उचललेल्या बर्फावर. गल्ल्या तुंबल्या, कचरा कुजला. महापौरांनी सांगितलं, गाड्या लावायला मोकळ्या जागा साफ करून ठेवल्या आहेत. बातमीदार बघायला गेले, तर तिथं बर्फ जसाच्या तसा.

लोकल गाड्या खोळंबल्या तेव्हा त्यांना वेग यावा म्हणून शहराच्या आतल्या भागातली काही स्थानकं वगळण्याची युक्ती निघाली. ही स्थानकं नेमकी कृष्णवर्णीय वस्त्यांतली होती. गोठवणाऱ्या थंडीत फलाटावर उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत गाडी न थांबता निघून जायची. त्या माणसांनी महिना-दीड महिना वाट पाहिली आणि २७ फेब्रुवारीला पक्षांतर्गत निवडणुकीत महापौरांनाही न थांबता पुढे जाऊ दिलं. दरम्यान, एका माजी उपमहापौरांना बर्फ काढण्याच्या अभ्यासासाठी सुमारे ९० हजार डॉलर दिल्याचंही बाहेर आलं होतं.

बोध : बर्फ फावड्यानं निघतो, अहवालानं निघत नाही. अहवाल काढायचाच असेल तर उन्हाळ्यात काढावा.

पायरी २ : कुणाला कामावरून काढलंत, त्याची वही ठेवा

बिलँडिकना हरवलं ते जेन बर्न यांनी. बर्नबाई ग्राहक विभागाच्या प्रमुख होत्या. टॅक्सी भाडेवाढीत काळंबेरं आहे असा आरोप त्यांनी केला, म्हणून १९७७ मध्ये महापौरांनी त्यांना घरी पाठवलं. घरी पाठवलेल्या माणसाला मोकळा वेळ मिळतो, याचा विचार महापौरांनी केला नाही. बाई शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. म्हणून टीकाकाराला काढू नये. त्याला एखाद्या समितीवर घ्यावं आणि समितीची बैठक बोलावू नये.

पायरी ३ : गरीब वस्तीत मुक्काम करा, पण हिशेब करून

पुढे खुद्द बर्नबाई अडचणीत आल्या. तेव्हा १९८१ च्या वसंतात त्या पतीसह कब्रिनी-ग्रीन या गुन्हेगारीनं बदनाम झालेल्या सरकारी वसाहतीत राहायला गेल्या. कॅमेरे आले, पोलीस बंदोबस्त आला, वसाहत काही दिवस सुरक्षित झाली. तीनेक आठवड्यांनी बाई परतल्या आणि बंदोबस्तही परतला. झोपडीत जेवून फोटो काढणाऱ्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. फक्त तीन आठवडे म्हणजे जरा अतिच झालं, असं त्यांचं मत पडेल. १९८३ मध्ये बाई हरल्या.

पायरी ४ : चूक कबूल करा, परंतु टीव्हीवर

या प्रकरणातले आदर्श म्हणजे न्यूयॉर्कचे जॉन लिंडसे. देखणे, उंच, रिपब्लिकन पक्षातले उदारमतवादी. फेब्रुवारी १९६९ मध्ये शहरावर १५ इंच बर्फ पडला. बर्फ काढणारी जवळजवळ चाळीस टक्के यंत्रं दुरुस्तीअभावी बंद. शहरात ४२ माणसं दगावली. मॅनहॅटनचे रस्ते मोकळे झाले आणि मध्यमवर्गीयांचं क्वीन्स दिवसेंदिवस बर्फाखालीच राहिलं. तिथं राहणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी आणि शांततेच्या नोबेलचे मानकरी राल्फ बंच यांनी महापौरांना तक्रारीची तार पाठवली. जगभरचे तंटे मिटवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गल्लीतला बर्फ हलवता येईना.

लिंडसे पाहणीला निघाले, तर रेगो पार्कात त्यांची लिमोझिनच बर्फात रुतली. ट्रक मागवून पुढे गेले, तर बायकांनी हुर्यो उडवली. अमेरिकेत तिकीट हायकमांड देत नाही, पक्षाचे मतदार देतात. जूनमध्ये त्यांनी लिंडसेंचं तिकीट कापलं.

इथं सामान्य माणूस संपला असता. लिंडसे लिबरल पक्ष या छोट्या पक्षाच्या चिन्हावर उभे राहिले आणि टीव्हीच्या जाहिरातीत सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाले की माझ्या चुका झाल्या, बर्फाचा अंदाज चुकला. पण हे काम देशातलं दोन नंबरचं अवघड काम आहे. यातली मेख लक्षात घ्या. चूक एका वाक्यात, काम किती अवघड हे दुसऱ्या वाक्यात, आणि त्यानंतर केलेल्या कामांची यादी. माफी मागितल्याचं पुण्य मिळतं, माफी मागावी लागत नाही.

पुरवणी सूचना : गावाचा संघ जिंकायला हवा. बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षं तळाशी असलेला मेट्स संघ नेमका त्याच ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज जिंकला. लिंडसे खेळाडूंच्या खोलीत शिरले, खेळाडूंनी त्यांच्या डोक्यावर शॅम्पेन ओतली आणि फोटो देशभर गेला. फेब्रुवारीत डोक्यावर बर्फ, ऑक्टोबरात शॅम्पेन. मतदाराला शेवटचं ओतलेलं लक्षात राहतं.

पायरी ५ : विरोधक मोजून घ्या

लिंडसे निवडून आले ते ४२ टक्क्यांच्या आसपास मतांवर, म्हणजे बहुसंख्य शहराला ते नकोच होते. पण नको म्हणणारे डेमोक्रॅट प्रोकाचिनो आणि रिपब्लिकन मार्ची यांच्यात वाटले गेले. एकच विरोधक असणं धोक्याचं. दोन असले तर रात्री झोप लागते.

मात्र सूत्र आंधळेपणानं लावू नये. १९८३ मध्ये शिकागोत बर्नबाईंपुढेही दोघे होते. त्यातले धाकटे डेली, म्हणजे पहिल्या पायरीतल्या डेलींचे चिरंजीव, थेट बाईंच्याच मतांत हात घालून बसले, आणि हॅरल्ड वॉशिंग्टन ३६ टक्क्यांवर निघून गेले. विरोधक दोन हवेत, पण त्यांनी एकमेकांची मतं खावीत. तुमच्या ताटातली खाणारा असेल तर त्याला वेळीच दूतावासात किंवा महामंडळावर पाठवावा.

पायरी ६ : कचरापेटीचं उद्घाटन करा

काम दाखवायचं तर दिसणारं दाखवा. न्यूयॉर्कचे एरिक अॅडम्स यांनी उंदरांविरुद्ध युद्ध पुकारलं आणि २०२३ मध्ये त्यासाठी खास अधिकारी नेमला. त्यांच्या स्वतःच्या ब्रुकलिनमधल्या मालमत्तेला उंदरांवरून शहराच्याच आरोग्य खात्यानं दंडाच्या नोटिसा दिल्या होत्या, त्यामुळे विषयाचा अनुभव होता. जुलै २०२४ मध्ये तर ते महापौर निवासाबाहेर गाणं लावून, चाकांची झाकणवाली कचरापेटी ढकलत आले आणि पत्रकारांसमोर त्यात कचऱ्याची पिशवी टाकून दाखवली. जगानं टिंगल केली. पण जे शहर अर्धशतक काळ्या पिशव्या फुटपाथवर रचून उंदरांना पोसत होतं, त्याला पेटी ही खरोखरच क्रांती होती. टिंगल होईल म्हणून उपयोगी काम सोडू नये. आणि उपयोगी कामानं मतं मिळतील, अशी आशाही धरू नये.

पायरी ७ : फोनचा पासवर्ड

सप्टेंबर २०२४ मध्ये अॅडम्स यांच्यावर केंद्रीय आरोपपत्र दाखल झालं. तुर्कस्तानशी संबंधित लोकांकडून स्वस्तातले आलिशान विमानप्रवास आणि बेकायदा देणग्या घेतल्याचे आरोप होते. ते त्यांनी साफ नाकारले. आरोपपत्रातला एक प्रसंग प्रत्येक महापौरानं पाठ करावा. तपास अधिकाऱ्यांच्या हाती फोन आला, तेव्हा महापौर म्हणाले की पासवर्ड नुकताच चार आकड्यांवरून सहा आकड्यांचा केला आणि आता आठवत नाही. ऐंशी लाखांच्या वर लोकांच्या शहराचा कारभार लक्षात ठेवणाऱ्याच्या डोक्यात दोन आकड्यांना जागा नसणं स्वाभाविक आहे.

ट्रम्प सरकारच्या न्याय खात्यानं खटला मागे घ्यायला सांगितलं. त्यावरून सरकारी वकिलांचे राजीनामे पडले, आणि २ एप्रिल २०२५ ला न्यायाधीशांनी तो कायमचा रद्द केला. करताना या सगळ्याला सौद्याचा वास येतो, असंही नोंदवलं. महापौर सुटले, पण ज्या पक्षाच्या मतदारांपुढे जायचं होतं त्यांना त्यांची ट्रम्पजवळीक खटल्यापेक्षा जड गेली. दुसऱ्याच दिवशी ते पक्षाची निवडणूक सोडून अपक्ष झाले. लिंडसेंचाच मार्ग, फक्त शॅम्पेन नव्हती.

पायरी ८ : माघार वेळेवर घ्या

जूनमध्ये डेमोक्रॅट मतदारांनी ३३ वर्षांच्या झोहरान ममदानींना उमेदवारी दिली. (आपल्या वाचकांना त्यांच्या आई अधिक परिचित : ‘सलाम बॉम्बे’ करणाऱ्या मीरा नायर.) माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो अपक्ष उतरले. अॅडम्सनी सप्टेंबरच्या सुरुवातीला कुओमोंना साप आणि खोटारडा ठरवलं, महिनाअखेरीस माघार घेतली आणि ऑक्टोबरात त्याच सापाला पाठिंबा दिला. मतपत्रिका छापायची वेळ टळून गेल्यामुळे नाव मात्र तसंच राहिलं. वीस लाखांहून अधिक मतदान झालं. त्यातली काही हजार मतं, जो उमेदवारच नव्हता, त्या विद्यमान महापौराला पडली. निष्ठावंत किती आहेत हे मोजायची याहून अचूक पद्धत नाही.

पायरी ९ : पडल्यावर घाबरू नका

बिलँडिक पुढे इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. वॉशिंग्टन डीसीचे मॅरियन बॅरी १९९० मध्ये अमली पदार्थ ओढताना छुप्या कॅमेऱ्यात सापडले, तुरुंगात गेले, आणि १९९४ मध्ये पुन्हा महापौर म्हणून निवडून आले. तिथंही मतदार दयाळू असतो. फक्त रस्त्यावरचा बर्फ वितळावा लागतो.

पायरी १० : कायमचा उपाय

वरचे सगळे उपाय तात्पुरते आहेत. ज्याला ही कटकटच नको, त्यानं मुंबईत अभ्यासदौऱ्यावर यावं. इथं १८८८ च्या कायद्यानं कारभाराची सूत्रं आयुक्तांकडे आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकारकडे. महापौर अडीच वर्षांचा. आधी आरक्षणाची सोडत निघते, मग नगरसेवक त्याला निवडतात. रस्त्यात खड्डा पडला तर तो पालिकेचा, एमएमआरडीएचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा की रस्ते विकास महामंडळाचा, हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो.

परिणाम पाहा. शिकागोत दीड-पावणेदोन फूट बर्फानं महापौर गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांहून जास्त पाऊस पडला, शेकडो माणसं गेली, आणि २००७ मध्ये पालिकेत तेव्हा सत्तेत असलेलीच युती पुन्हा सत्तेवर आली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तर साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहराला महापौरच नव्हता, आणि त्या काळात एकही महापौर अडचणीत आला नाही.

म्हणून जगातल्या सर्व त्रस्त महापौरांना शिफारस अशी : बंगला, गाडी आणि परदेशी पाहुण्यांचं स्वागत स्वतःकडे ठेवावं, फावडं दुसऱ्याला द्यावं. मतदाराला चिडायची पूर्ण मुभा असावी. फक्त कुणावर चिडायचं, एवढं त्याला कळू देऊ नये.