सतराव्या लेव्हलचा आखाडा : आयोजकांसाठी नियमावली

सतराव्या लेव्हलचा आखाडा भरवण्याची इच्छा झालेल्या डीएमने प्रथम थंड पाण्याने स्नान करावे. इच्छा तरीही टिकून राहिल्यास पुढील नियम वाचावेत.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली बाजारात आणला. टेबलाभोवती चार-पाच जण एकेक पात्र घेऊन बसतात, एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन उरलेली सगळी सृष्टी सांभाळतो आणि तंटे फासे मिटवतात. एकूण लेव्हल वीस. पहिल्या लेव्हलला उंदीर चावला तरी पात्राच्या जिवावर बेतते; सतराव्या लेव्हलला विझार्ड आकाशातून उल्का पाडतो. या उल्का पाडणाऱ्यांना रिंगणात कोंडून दर सेशनला झुंजवायचे, ही आपली योजना. कथानक नको, खलनायकाचं बालपण नको, वाटेतल्या खानावळींना नावं द्यायला नकोत. नुसती मारामारी. सोपं वाटतं ना? वाटू द्या.

सदर नियमावली पाचही खेळाडूंना समान लागू आहे. तिच्यात 'विझार्ड' हा शब्द वारंवार आल्यास तो योगायोग समजावा. आमचा विझार्ड पेशाने सीए आहे आणि जीएसटीची परिपत्रकं ज्या डोळ्यांनी वाचतो त्याच डोळ्यांनी मंत्रांची वर्णनं वाचतो, याचाही इथे काही संबंध नाही.

नियम १. आखाड्याला छप्पर घालावे.

रोमच्या कलोसियमवर कापडी छत ताणत, ते प्रेक्षकांना ऊन लागू नये म्हणून. आपण घालायचे ते खेळाडू उडून जाऊ नयेत म्हणून. उडण्याचा मंत्र विझार्डला पाचव्या लेव्हललाच मिळतो. सतराव्या लेव्हलला जमिनीवर पाय ठेवणं कमीपणाचं मानतात. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला टॅरास्क घ्या. ६७६ हिट पॉइंट, म्हणजे एवढा मार खाऊन मगच पडणार, अख्ख्या पुस्तकात त्याच्याइतकं दांडगं जनावर नाही, आणि लांबून मारता येईल असं एकही हत्यार त्याच्याकडे नाही. पार्टी दोनशे फुटांवर तरंगत जादूचे बाण सोडते आणि ते बिचारं खाली उभं राहून आ वासतं.

छप्पर घातलं की विझार्ड विचारतो, "छप्पर कशाचं आहे?" लाकडाचं म्हटलं तर डिसइंटिग्रेट टाकून दहा फुटी भगदाड पाडतो. दगडाचं म्हटलं तरी तेच. म्हणून छप्पर जादूचे असावे, आणि ते कोणी, कधी व कोणत्या मंत्राने बांधले, यावर चर्चा होऊ देऊ नये.

नियम २. राक्षस एकटा सोडू नये.

होतकरू डीएम या ठिकाणी हमखास फसतो. एन्शंट रेड ड्रॅगनचं चित्र बघतो, ५४६ हिट पॉइंट वाचतो आणि म्हणतो, बस्स, हा एकटा पुरे. पुरत नाही. समोर पाच जण असतात. फायटर ॲक्शन सर्ज वापरून एका टर्नला सहा वार करतो. मंक चार बुक्के मारते आणि प्रत्येक लागलेल्या बुक्क्याला "सेव्ह दे", म्हणजे बचावाचा फासा टाक, म्हणते. ड्रॅगनला दिवसातून तीनदा फसलेला सेव्ह जमला म्हणण्याची मुभा असते. ती मंकच खाऊन टाकते आणि मग विझार्ड सावकाश बाह्या सरसावतो.

राक्षसाच्या नावापुढे चॅलेंज रेटिंगचा आकडा असतो. त्या लेव्हलच्या चार जणांनी, कोणी न मरता, त्याला लोळवावं असा त्याचा अर्थ. वरच्या लेव्हलना या आकड्यावर विसंबू नये. कुस्तीच्या मैदानात जोड लावणारे जाणकार नुसतं वजन बघून जोड लावत नाहीत, कोणाचा कुठला डाव चालतो तेही बघतात. आपणही तेच बघावे. रिंगणात दोन दांडगे, चार मध्यम आणि सर्वांत मागे, खांबाआड, दुसऱ्याचे मंत्र मोडणारा एक. वार करणाऱ्या हातांची संख्या दोन्हीकडे सारखी होईपर्यंत माणसे वाढवावीत.

नियम ३. दुपारची झोप बंद करावी.

२०१४चे नियम दिवसाला सहा ते आठ झुंजी गृहीत धरून लिहिले आहेत. आखाड्यात मात्र दिवसाला एकच झुंज असते, मग विझार्ड आठवड्याचा पगार एका संध्याकाळी उडवल्यासारखे सगळे मंत्र पहिल्या तीन फेऱ्यांत संपवतो आणि उरलेला वेळ मोबाइल बघतो. उपाय एकच: एका दिवसात लागोपाठ तीन-चार झुंजी ठेवाव्यात आणि मध्ये फार तर तासाभराची उसंत द्यावी.

यावर विझार्ड म्हणेल, "ठीक आहे, मध्यंतरात आम्ही मॉर्डेनकाइनेनच्या हवेलीत जातो." हा सातव्या पातळीचा मंत्र. हवेतच दरवाजा उघडतो, आत अख्खी हवेली, शंभर अर्धपारदर्शक नोकर, शंभर जणांना पुरेल इतकी नऊ वाढपांची मेजवानी. मॉर्डेनकाइनेन हे खुद्द गायगॅक्सचंच पात्र. म्हणजे खेळ काढणाऱ्यानेच स्वतःच्या विझार्डची सोय आधी बघितली होती, मग आमच्यावाल्याला काय बोलणार? अशा वेळी आखाड्याच्या मालकाने तुतारी फुंकावी आणि पुढची झुंज दहा मिनिटांत आहे असे जाहीर करावे.

नियम ४. रिंगण ऐसपैस असावे.

समोरच्याचा मंत्र मोडणारा काउंटरस्पेल साठ फुटांपर्यंतच चालतो. रिंगण साठ फुटांचेच असेल तर दोन्हीकडचे जादूगार दिवसभर एकमेकांना "नाही", "तुझं नाही", "तुझं नाही ते नाही" एवढेच म्हणत बसतात. कलोसियमचे रिंगण सुमारे ८३ बाय ४८ मीटर होते. बॅटलमॅटवर एक इंच म्हणजे पाच फूट. या मापाने ते साधारण साडेचार फूट लांब आणि अडीच फूट रुंद भरते. सहा जणांच्या डायनिंग टेबलावर अगदी बरोबर बसते. पोह्यांच्या बशा मात्र मांडीवर घ्याव्या लागतात.

नियम ५. फोर्सकेज.

पंधराशे सुवर्णमुद्रांची माणकाची पूड, आणि शत्रू तासभर अदृश्य पिंजऱ्यात. सेव्ह नाही. मंत्र टिकवायला एकाग्रता नाही. डिस्पेल मॅजिकने पिंजरा मोडता येत नाही. टेलिपोर्ट करून सुटायचं म्हटलं तर तेवढ्यापुरता करिश्माचा सेव्ह. माझ्या पिट फीन्डला, म्हणजे नरकातल्या सेनापतीला, आमच्या विझार्डने पहिल्याच टर्नला आत टाकलं. मी पिट फीन्डला बाहेर आणलं.

"याला टेलिपोर्ट कधीपासून येतं?"

"आजपासून."

"मग करिश्मा सेव्ह दे."

नियम ६. विश, म्हणजे मागाल ते देणारा मंत्र.

अर्ज लेखी घ्यावा. तीन प्रतींत.

नियम ७. फासे खेळाडूंनी स्वतः आणावेत.

मीटिओर स्वार्म, म्हणजे तोच उल्कापात, चाळीस सहापैलू फाशांचा असतो. सरासरी १४० येते. सरासरी घ्यावी आणि पुढे जावे. आमचा विझार्ड सरासरी घेत नाही. तो स्टीलचा मसाल्याचा डबा घेऊन येतो. झाकण काढलं की सात वाट्या, आणि फाशांचा संच असतोच सात नगांचा: चौपैलू, सहापैलू, आठपैलू, दहापैलू, टक्क्यांचा दहापैलू, बारापैलू, वीसपैलू. एकेका वाटीत एकेक जात. सहापैलूंची वाटी शिगोशीग भरलेली, हळदीचा पिवळा डाग अजून तसाच. ती तो टेबलावर उपडी करतो आणि दहा-दहाच्या जुड्या लावत बसतो: सहा-चार, पाच-पाच, सहा-तीन-एक. आतल्या खोलीतून आई विचारते, "अरे, हरभरे सांडले का?" काकू, उल्का पडल्या, असं तो तिला अदबीने सांगतो. तोवर फायटर खाली जाऊन दूध घेऊन येतो.

नियम ८. मरणाची धमकी देऊ नये.

वरच्या लेव्हलना मरण ही केवळ खर्चाची बाब उरते. पंचवीस हजार सुवर्णमुद्रांचा हिरा असला की ट्रू रेझरेक्शनने राखसुद्धा उठून बसते. रोमन लोकही याबाबतीत व्यवहारी होते. ग्लॅडिएटर तयार करायला पैसे पडत, त्यामुळे बऱ्याचशा झुंजी मरेस्तोवर चालत नसत. पंच असत, हरलेल्याला जीवदान मिळे, आणि नाव कमावलेल्याला लाकडी तलवार देऊन मोकळं करत. म्हणून पैज दुसऱ्या कशाचीतरी लावावी. साखळदंडातला कैदी शेवटपर्यंत जिवंत ठेवा. वाळूतला झेंडा तीन फेऱ्या धरून ठेवा. गर्दीला कंटाळा आला तर सिंह सोडणार. पिंजरे, उल्का आणि हवेल्या असूनही कैदी वाचवता येत नाही म्हटल्यावर पार्टी पहिल्यांदा गप्प होऊन विचार करते. ही नियमावलीतली एकमेव गंभीर सूचना आहे, ती लक्षात ठेवावी.

नियम ९. तारीख.

या खेळातला सर्वांत दांडगा राक्षस. फायटरची नाइट शिफ्ट, मंकच्या मुलाची परीक्षा, बार्डचं गावाला जाणं. ग्रुपवर रविवार विचारला की चार जण "बघतो", "कळवते" म्हणतात. एकच माणूस मिनिटभरात "आहे" म्हणतो. तोच सगळ्यांच्या आधी येतो, बॅटलमॅट अंथरतो, गेल्या वेळी कोणाचे किती हिट पॉइंट उरले ते त्याच्याच वहीत असतं. आणि रात्री घरी गेल्यावर त्याचा मेसेज येतो: "तुझा तो मेलेला जादूगार, लिच, माझ्यापासून सत्तर फुटांवर हवा होता. काउंटरस्पेल पोचला नसता." नियम ४ कुठून आला, ते आता कळलं असेल.

नियम १०. ज्याचे पात्र पडेल त्याच्या हाती राक्षस द्यावा.

म्हणजे तो बाहेर बसून कुढत नाही आणि डीएमला चहा प्यायला मिळतो. आमच्याकडे विझार्ड पडल्यावर लिच त्याच्याकडे दिला. त्याने मंकला हवेत उचललं, फायटरला आंधळं केलं, कैद्याला ढाल करून खांबामागे उभा राहिला. इतका दुष्टपणा मला आयुष्यात सुचला नसता. मग बार्डने शांतपणे लिचवर फोर्सकेज टाकला. लिचने सुटायचा प्रयत्न केला, करिश्माचा सेव्ह फसला, फसलेला सेव्ह जमला म्हणण्याच्या तिन्ही मुभा आधीच संपलेल्या.

"पिंजऱ्याला सेव्ह नाही? एकाग्रतासुद्धा नाही? हे कसले नियम आहेत?"

२०२४च्या नव्या पुस्तकात या मंत्राला एकाग्रता लागते. आपल्या टेबलावर जुनंच पुस्तक चालवायचं, हा ठराव त्यानेच मांडला होता. वहीत नोंद आहे, त्याच्याच अक्षरात.