तेलाचा तुटवडा

माणसं इंदुरात पोहे-जिलबीसाठी येतात, सराफ्यासाठी येतात. मी डोळे दाखवायला आलो. पुण्यात डॉक्टर नाहीत का, हा प्रश्न मी विचारण्याआधीच आत्याने निकालात काढला होता. "आहेत की. पण तपासून झाल्यावर जेवायला घालतात का?"

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि वर पाण्याची धार. राजवाड्याहून रिक्षा केली, तर रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी त्याला राहवेना. "भिया, टेंसन मत लो. गई तो गई." रडू आणि ड्राय आय यांतला फरक त्याला समजावता समजावता पलासिया आलं.

डॉक्टरांची मराठी होळकरांबरोबर माळव्यात आली असावी आणि तेव्हापासून हिंदीत मुरत पडली असावी. त्यांनी डोळ्यांत पिवळा रंग सोडला, निळा दिवा लावला आणि "पापणी झपकवू नका" म्हणून सेकंद मोजू लागले. अश्रूंचा थर निदान दहा सेकंद टिकावा लागतो; माझा त्याआधीच फाटला. मग दोन्ही खालच्या पापण्यांत टिपकागदाची एकेक पट्टी अडकवून मला पाच मिनिटं बाकावर बसवलं. ऑटो शर्मर नावाच्या जर्मन डॉक्टराने 1903 साली ही चाचणी सांगितली. डोळ्यांतून कागद लोंबणाऱ्या माणसाशेजारी बाकावर कोणी बसत नाही, हे त्याने नमूद केलं होतं की नाही कोण जाणे.

पट्ट्या चिंब. "पाणी तर भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले. "तेल कमी पडून राहिलंय."

अख्ख्या इंदुरात तेलाचा तुटवडा असलेली एकच जागा होती आणि ती माझ्या पापणीच्या कडेला होती! तिथल्या बारीक ग्रंथी अश्रूंवर तेलाचा तलम थर पसरतात. त्यांची तोंडं बुजली की पाणी उडून जातं, डोळा कोरडा पडतो आणि त्या चुरचुरीवर मेंदू पाण्याचा लोंढा सोडतो. तो लोंढा डोळ्यात न थांबता गालावर येतो. स्क्रीनपुढे माणूस पापण्या लववायचंही विसरतो. खरं तर पापणी पूर्ण मिटली की ते तेल बाहेर येतं. म्हणून उपाय: कोमट शेक, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि मधूनमधून डोळे सावकाश, घट्ट मिटणं.

"या तेलाचा तळणाशी काही संबंध नाही," हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याला त्यातलं 'तेल कमी' एवढंच ऐकू आलं. रात्री सोन्याची दुकानं बंद होऊन सराफा पेटला, तेव्हा तिने मला थेट गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईपुढे उभं केलं. जीरावन भुरभुरलेली पहिली प्लेट संपली.

"और दूँ, भिया?"

माझी नेमकी व्यायामाची वेळ झाली होती. मी त्याच्याकडे बघत डोळे सावकाश मिटले.

त्याने दुसरी प्लेट भरली.