नोंद झाली, आता निवांत

सरकारी काम रखडते अशी तक्रार करणाऱ्यांनी लोक जैवविविधता नोंदवहीची गोष्ट ऐकावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, महापालिकेला समिती नेमून आपल्या हद्दीतली झाडे, जनावरे, पिकांचे वाण आणि त्यांच्याविषयीचे लोकांचे ज्ञान लिहून ठेवायला सांगितले. २०१६ पर्यंत देशभरात अशा नोंदवह्या झाल्या १,३८८. मग ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने फर्मावले, की ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरे करा, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख रुपये दंड. त्या जानेवारीत आकडा ९५ हजारांवर गेला होता. दंडाची नुसती हूल देताच इतकी जीवसृष्टी सापडते, तर दंड वीस लाख केला असता तर एखादा डायनासोरही हजर झाला असता. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना पुढे आणली, तेव्हा गुराखी, मासेमार, वैदू यांनी सांगावे आणि ऋतूमागून ऋतू बघत लिहावे, अशी अपेक्षा होती. ऑगस्ट ते जानेवारी या मुदतीत उन्हाळा येतच नाही, ही अडचण मात्र उन्हाळ्याची, मुदतीची नव्हे.

छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याची नोंदवही प्रामाणिकपणे लिहायची ठरवली, तर ती वाचनीय होईल. इथे एमआयडीसी आहे, विमानतळ आहे, कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वाहून नेणारी सुखना नदी आहे आणि महापालिकेचा घनकचरा प्रकल्पही आहे. शेजारच्या नारेगावात अनेक दशके कचरा टाकला गेला. २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेले, तेव्हा कुठे तो डेपो बंद झाला. दुसरीकडे विमान वाहतुकीचे नियम सांगतात, की विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी जमतील असा कचरा टाकू नये. घारींना हा नियम कुणी वाचून दाखवलेला नाही. तेव्हा नोंदवहीत घारी, बगळे, मोकाट कुत्री, डुकरे, कावळे येतील. वनस्पतींत जलपर्णी, वेडी बाभूळ, गाजरगवत आणि घाणेरी, म्हणजे चारही पाहुण्या अमेरिका खंडांतून आलेल्या. मोठ्या प्राण्यांत बिबट्या लिहायलाही हरकत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये तो शहरात फिरला आणि प्रोझोन मॉलच्या परिसरातल्या सीसीटीव्हीतही दिसला. म्हणजे जीव कमी झाले असे कोण म्हणेल? जीव भरपूर आहेत. फक्त आपल्या उकिरड्यावर पोसले जाणारे तेवढे उरले, आणि ज्यांना स्वच्छ पाणी, मोकळा माळ किंवा विष नसलेले अन्न लागते ते गेले. संख्या आणि विविधता यांतला हा फरक आकडेवारीत दिसत नाही, म्हणून तो सोयीचा.

यावर कुणी विचारेल, गेले तर गेले, आपले काय अडले? अडले ते गिधाडांनी मोजून दाखवले आहे. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक नव्वदच्या दशकात स्वस्त झाले. त्या औषधाचा अंश असलेले मढे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. दरम्यान मढी कुजत राहिली, कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, की २००० ते २००५ या काळात भारतात त्यापायी सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली. गिधाड हा पगार, भत्ता, निवृत्तिवेतन न मागणारा सफाई कामगार होता. त्याला काढल्यावर काम कंत्राटावर द्यावे लागले, आणि कंत्राट कुत्र्यांनी घेतले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मराठवाडा मागास, इथे आधी पोटाला काम हवे, पाखरांचे लाड नंतर. काम हवेच. पण ज्या बिअरच्या कारखान्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे, त्यांचा खरा कामगार यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी असते आणि तिला लागणारे पाणी जायकवाडी धरणाचे. २०१६ च्या दुष्काळात याच पाण्यावरून उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला मद्यनिर्मितीच्या पाण्यात कपात करावी लागली. मातीत पाणी मुरवणारे गवत, ओढ्याकाठची झाडी हे कारखान्याच्या ताळेबंदात नाहीत, म्हणून ते फुकट आहेत असे समजणे हा हिशेबनीसाचा दोष. शेतातही तेच. बाजरी, मटकी, हुलगा, करडई बाजूला सारून शिवारभर बीटी कापूस लावला, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीला बसल्या जागी एवढी मोठी पंगत मिळाली, की ती उठायलाच तयार नव्हती.

मग वृक्षारोपण पुढे केले जाते. २०१९ मध्ये राज्याचे उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचे होते. झाडे लावू नयेत असे कोण म्हणेल. पण सरकारी नोंदीत गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, आणि पडीक दिसली की तिथे ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभूळ लावायचे, असा रिवाज पडला. माळटिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांच्या दृष्टीने वृक्षारोपण म्हणजे अतिक्रमण, तेही मंत्र्यांच्या हस्ते.

कायदाही दरम्यान मवाळ झाला. २०२३ च्या दुरुस्तीने पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद काढून आर्थिक दंड ठेवला आणि आयुष वैद्यांना काही अटींतून सूट दिली. व्यवसाय सुलभ व्हावा हा हेतू. तो चांगलाच. पण चिकलठाण्याला जे करण्यासारखे आहे त्यासाठी या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सुखनेत सोडू नये, ओला कचरा उघड्यावर पडू देऊ नये आणि उरलासुरला माळ माळ म्हणून राहू द्यावा. या तिन्ही कामांत एक मोठी उणीव आहे: कशाचेच उद्घाटन करता येत नाही.