कंत्राटदार

ताईचा फोन आला तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. "अरे, पिंट्या कॉन्ट्रॅक्टरच्या नादी लागलाय रे," ती म्हणाली. टोकियोत राहून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माझा भाचा कॉन्ट्रॅक्टरच्या नादी लागतो म्हणजे नेमकं काय करतो, ते मला कळेना. कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सफारी, गळ्यात साखळी आणि मे महिन्यात झालेला नि जूनमध्ये वाहून गेलेला रस्ता एवढंच येतं. "फ्लॅटबिट बघतोय का?" मी विचारलं. "फ्लॅट कसला! म्हणतो, आई, कॉन्ट्रॅक्टरला भावना नसतात." हे मात्र मला पटलं. आमच्या गच्चीच्या गळतीचं काम ज्यानं घेतलं होतं त्यालाही नव्हत्या.

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला निघालेल्या ज्येष्ठांच्या सहलीत मी नाव घातलंच होतं. सहल संपल्यावर आठवडाभर पिंट्याकडे राहायचं आणि प्रकरण काय आहे ते बघून यायचं, असं ठरलं. निघताना ताईनं अडीच किलो भाकरवडी दिली आणि "नोकरीत कायम झाला का, तेही विचार," असं बजावलं.

पिंट्या राहतो निशी-कासाईला. २००० सालच्या आसपास कंप्युटरवाल्यांची जी लाट टोकियोत आली, तिच्यातले बरेच जण या भागात उतरले ते उतरलेच. त्यामुळे तूरडाळ, पोहे, लोणचं सगळं हाताशी. स्टेशनाबाहेर मला न्यायला आलेला पिंट्या मात्र मला आधी दिसलाच नाही. तो एका खांबाच्या सावलीत उभा होता. गुडघ्याखाली जाणारा काळा कोट, डोळ्यांवर आलेले केस, दोन्ही हात खिशात. मी "पिंट्या!" अशी हाक मारली तेव्हा त्यानं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं आणि मग ओठ न हलवता म्हणाला, "मामा, नाव घेऊ नकोस." माझी बॅग त्यानं उचलली नाही. बॅग उचलल्यानं दोघांचा मिळून वेग किती कमी होईल याचा हिशोब त्यानं मला सांगितला. दोनशे पावलांवर मला धाप लागली तेव्हा मात्र त्यानं मुकाट्यानं बॅग घेतली.

त्या रात्री सहा तातामींच्या, म्हणजे साधारण शंभर चौरस फुटांच्या खोलीत मला सगळा उलगडा झाला. २००७ साली जपानी टीव्हीवर 'डार्कर दॅन ब्लॅक' नावाची एक कार्टून मालिका आली होती. ('कार्टून' या शब्दाला पिंट्यानं डोळे मिटले आणि माझा अपराध पोटात घालायला पुरेसा वेळ घेतला. "अॅनिमे, मामा.") टोकियोत एक 'नरकाचं दार' उघडतं. खरे तारे आकाशातून जातात आणि त्यांच्या जागी खोटे तारे येतात. एकेक खोटा तारा म्हणजे एकेक माणूस, ज्याला काहीतरी अचाट शक्ती मिळाली आहे. शक्ती वापरली की तारा लुकलुकतो, माणूस मेला की तारा निखळतो. अशा माणसांना सरकारं, हेरखाती आणि गुप्त संघटना मारेकरी म्हणून वापरतात. त्यांचं नाव 'कॉन्ट्रॅक्टर'. मूळ जपानी नाव 'केइयाकुशा', म्हणजे शब्दशः करारात बांधलेला माणूस. नायकाचं टोपणनाव हेई, आणि हेई म्हणजे चिनी भाषेत काळा.

काळा म्हटल्यावर मी एकदम सावरून बसलो. आमच्या पिढीनं भूगोलाच्या पुस्तकात लपवून बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड वाचलेला. "आमचाही एक काळा होता," मी उत्साहानं म्हणालो. "त्याला मोबदला काय होता?" पिंट्यानं विचारलं.

इथंच खरी गंमत आहे. या मालिकेतली शक्ती फुकट मिळत नाही. प्रत्येक वेळी ती वापरली की कंत्राटदाराला मोबदला चुकवावा लागतो, आणि हा मोबदला इतका क्षुल्लक, इतका बिनबुडाचा असतो की ज्याच्या डोक्यात तो आला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. ब्रिटिश हेरखात्याचा एक देखणा मारेकरी बोट लावून बर्फ करतो. त्याला सिगरेटची शिसारी आहे, आणि मोबदला म्हणून प्रत्येक वेळी त्याला सिगरेटच ओढावी लागते. त्याची सहकारी पाऊस पाडते आणि मग बियर पिते. एकाला स्वतःचं बोट मोडावं लागतं. एक जण काम उरकलं की खडे वेचून ते ओळीत मांडत बसतो. पाठीमागे पोलीस असले तरी खडे मांडून झाल्याशिवाय हलत नाही. दुसऱ्या पर्वातली मुलगी कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करते. एक बोलणारं मांजर आहे. तोही मूळचा कंत्राटदारच, पण स्वतःचा देहच गमावून बसल्यामुळे त्याला मोबदला माफ. आमच्या बँकेत निवृत्तीनंतरही रोज येऊन बसणारे एक साहेब होते, तसं. आणि एका कंत्राटदाराला काम झालं की कविता लिहावी लागते.

"मग मोबदला तो देतो की ऐकणारे?" मी विचारलं. पिंट्या हसला नाही. कंत्राटदार हसत नाहीत.

कंत्राटदार फक्त तर्कानं वागतात, हा पिंट्याच्या धर्माचा पाया. चुलत बहिणीच्या लग्नाला तो आला नाही, कारण विमानाचं भाडं भागिले प्रत्यक्ष जेवायला लागलेली मिनिटं हा भागाकार त्याला परवडला नाही. वाढदिवसाला फोन करत नाही, कारण माणूस जन्मल्याची बातमी जुनी झालेली असते. मात्र भाकरवडीचा पुडा फोडताना त्याचा हात थरथरला. अर्धा पुडा संपल्यावर तो म्हणाला, "हेईसुद्धा खूप खातो." हे खरं निघालं. हा काळा मारेकरी दिवसा ली नावाचा गरीब चिनी विद्यार्थी असतो आणि बशांवर बशा रिचवतो. पिंट्यानं त्याच्यातलं एवढं एक मात्र हुबेहूब उचललंय.

दोन दिवसांत त्यानं माझंही निदान केलं. "मामा, तुझा मोबदला चष्मा पुसणं. खोटं बोललास की पुसतोस." मी म्हटलं, छे, काहीतरीच. आणि चष्मा पुसला. त्याच्या मते सगळं जग मोबदले चुकवत हिंडत असतं. त्याचा साहेब कुणाला झापून झालं की टेबलावरची पेनं लांबीनुसार लावतो. शेजारची आजी पोराला ओरडली की कुंडीला पाणी घालते. त्या पोरानं गेल्या उन्हाळ्यात एक झाड कुजवलं होतं.

पण पिंट्याचं खरं प्रेम मूळ मालिकेवर नाही, आणि इथं त्याची जात वेगळी होते. मूळ मालिका सगळ्या जगाला आवडते. बोन्स स्टुडिओचं चित्रण, तेन्साई ओकामुराचं दिग्दर्शन, योको कान्नोचं संगीत, त्यात काय प्रेम करायचं! त्याचा जीव पुरवणीवर. मालिकेतल्या पात्रांचे चेहरे मुळात युजी इवाहारा नावाच्या मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) काढणाऱ्या चित्रकारानं रेखले होते. २००९ ते २०११ या काळात याच इवाहारानं 'यंग गांगान' नावाच्या पाक्षिकात त्या जगातली स्वतःची एक वेगळी कथा काढली. 'शिक्कोकु नो हाना', म्हणजे लाखेच्या रोगणासारखं काळंभोर फूल. चार खंड, बस्स. म्हणजे ज्यानं नटांना तोंडं रंगवून दिली, त्याला शेवटी स्वतःचं एक छोटं नाटक लावायला मिळालं. (त्याआधी मुलींच्या 'असुका' मासिकात दुसऱ्या हातची दोन खंडांची एक मांगा आली होती. पिंट्या तिला 'सावत्र' म्हणतो आणि विषय बदलतो.)

ही माणसं आपल्याला नवीन नाहीत. माझ्या आजोळी एक कीर्तनकार येत. कुणी महाभारतातलं काही विचारलं की ते हात झटकत, "ते कुणीही सांगेल. हरिवंशाचं विचारा." हरिवंश म्हणजे महाभारताचा खिल, मागून जोडलेली पुरवणी. रविवारच्या पेपरातली पुरवणी आधी वाचून पहिलं पान भाजीला गुंडाळणारेही याच गोत्राचे. पिंट्याला इंग्रजीतला 'स्पिन-ऑफ' हा शब्द आवडत नाही. जपानीत 'गाइदेन' म्हणतात, बाहेरची कथा. ते म्हणताना तो हळू होतो. त्याचा थोरला भाऊ कॅलिफोर्नियात आहे. बंगला, दोन मुलं, ताईच्या दिवाणखान्यात चांदीच्या चौकटीत फोटो. पिंट्याचा फोटो फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

खंड चार असले तरी पिंट्याकडे पुस्तकं बारा. एक संच वाचायला, एक जपून ठेवायला, एक प्रचाराला. ही त्याची एकट्याची खोड नव्हे. जपानी ओताकूंमध्ये, म्हणजे असल्या नादिष्टांमध्ये, ही तीन प्रतींची रीत जुनी आहे. प्रचाराचा संच आजवर कुणालाही दिलेला नाही, कारण लोक पानं दाबून उघडतात. माझ्यासाठी तो निघाला तेव्हा मला साबणानं हात धुवावे लागले. मग मी पुस्तक नेहमीसारखं डावीकडून उघडलं, म्हणजे थेट शेवटच्या पानावर पोचलो. पिंट्यानं आवंढा गिळला. उजवीकडून सुरू केल्यावर कथा कळली ती अशी: साध्यासुध्या माणसांच्या अंगावर काळं फूल उमटतं आणि त्यांना कंत्राटदारांची शक्ती येते. "साधी माणसं, मामा," पिंट्या म्हणाला. "त्यांनी काही मागितलं नव्हतं." हे तो इतक्या वेळा म्हणाला की मी खंड मिटून चहा टाकला.

भिंतीवर एक मोठा तक्ता होता. मला वाटलं ऑफिसचं काम. तो होता पहिल्या आणि दुसऱ्या पर्वांच्या मधल्या काळाचा. या एकाच रिकाम्या जागेत २०१० साली आलेली चार भागांची जोडकथाही बसवायची आणि काळं फूलही. आपल्याकडे वाटणीत जुन्या वाड्याची एक खोली दोन भावांना मिळते, तसं. पिंट्या रोज रात्री लाल पेन्सिलीनं एक बाण खोडतो आणि दुसरा काढतो. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधणारा हा मुलगा इथं मात्र चूक नाहीच असं सिद्ध करायला बसलेला असतो.

रविवारी आम्ही नाकानोला गेलो. तोझाई मार्गाची गाडी निशी-कासाईहून थेट नाकानोपर्यंत जाते, आणि पिंट्याच्या मते तो मार्ग त्याच्याचसाठी आखला आहे. नाकानो ब्रॉडवे ही १९६६ सालची इमारत, आत मांदाराकेची दुकानंच दुकानं, जुनी मांगा छतापर्यंत. पिंट्या तिथं देवळात शिरावं तसा शिरला. त्याला तिसऱ्या खंडाची 'ओबी' हवी होती. ओबी म्हणजे किमोनोचा कमरपट्टा. नव्या पुस्तकाला जाहिरातीची जी कागदी पट्टी गुंडाळतात तिलाही तेच नाव. लोक ती फेकून देतात. दीड तासानं मिळाली. पट्टीसाठी त्यानं तेरावं पुस्तक घेतलं. दुकानातल्या पोरानं पिशवी हवी का विचारलं तेव्हा पिंट्या मान वळवून, घोगऱ्या आवाजात "इरानाई" म्हणाला. म्हणजे नुसतं 'नको', पण असं की समोरच्यानं तीनदा वाकून माफी मागितली. पुण्याच्या क्लासात शिकलेलं त्याचं नम्र जपानी सगळं ऑफिसात खर्च होतं. घरून काम असलं की दिवसभर त्याचं फोनवर "हाय, हाय, हाय" चालू असतं. जपानीत ते 'हो' आहे हे माहीत असूनही माझं काळीज हलायचं.

३१ मार्चच्या संध्याकाळी त्यानं कोट काढला आणि माझ्यासमोर बसला. कोटाशिवाय तो बारीक दिसत होता. "मामा, केइयाकु-शाइन म्हणजे काय माहितेय? करारावरचा कर्मचारी. मी तो आहे. आई समजते तसा कायम नाही." जपानमध्ये २०१३ पासून कायदा आहे: मुदतीचे करार मिळून पाच वर्षांवर गेले की कामगार बिनमुदतीच्या कराराची मागणी करू शकतो. पिंट्याची चार झाली होती. साहेबानं दुपारी आणखी सहा महिने दिले, आणि पेनं लावली. पुढचं सांगता येत नाही म्हणाला. "कंपनीचं बरोबर आहे," पिंट्या म्हणाला. "ते तर्कानं वागतात." मग त्यानं उरलेली भाकरवडी संपवली आणि तक्त्यावरचा एक बाण खोडला.

पुण्यात आल्यावर ताई दारातच उभी. "कसा आहे? काळा कोट घालतो म्हणे?"

"थंडी असते तिथं."

"आणि कायम झाला ना?"

"झाला की," मी म्हणालो. "मागच्याच आठवड्यात." आणि शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला.

"बरं झालं बाई," ताई म्हणाली. "मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय." मग ती आत गेली, तांदळाचं ताट घेऊन बाहेर आली आणि पंख्याखाली निवडायला बसली. पाकिटातला, निवडलेलाच तांदूळ होता तो. तरी तिला त्यात काहीबाही सापडत होतं. एकेक कण चिमटीत धरून ती ताटाच्या कडेला ठेवत होती. एक, दोन, तीन. अगदी सरळ रेषेत.