एका बेअरिंगची चार बारशी

६२०५ नंबरचं बेअरिंग म्हटलं की जगभर एकच माप: आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतला व्यास हातात. इतकं सोपं असून कसं चालेल? म्हणून दोन्ही बाजूंच्या रबरी सीलला कुणी २आरएस म्हणतं, एक जपानी कंपनी डीडीयू, दुसरी एलएलयू. त्यावर कारखान्यात स्टोअरचा कोड वेगळा, मेंटेनन्सचा वेगळा. खरेदी खातं तर ‘बेअरिंग, मोठं’ एवढं लिहून मोकळं! मग मशीन बंद पडतं, तातडीची ऑर्डर सुटते आणि तेच बेअरिंग तीन नावांनी तीन रॅकवर धूळ खात बसतं. बारशाला एक आत्या पुरते. इथे खात्यागणिक आत्या. साहेब, नवं सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी आत्या एक ठरवा.